गुणातात्याची घटी

गुणातात्याला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो स्वतःच्या चुलतभावाचा हात मोडत होता.

मालवणहून बदली होऊन मी त्या गावात आलो, त्याला जेमतेम तीन दिवस झाले होते. गाव बांद्यापासून दोन कोसांवर, डोंगराच्या पायथ्याशी. शाळा देवळाच्या ओवरीत भरायची आणि समोरच वायंगणाची शेतं. पावसाळी भात घरात आलं की थंडीत जे दुसरं भात लावतात ते वायंगण, आणि ते सगळं पाटाच्या पाण्यावर. मी मुलांना पाढे सांगत होतो. बाहेर आरडाओरडा झाला म्हणून ओवरीच्या कडेला आलो, तर एक काळा, काटकुळा माणूस दुसऱ्या एका धष्टपुष्ट माणसाला बांधावर आडवा पाडून त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसला होता. त्याने खोऱ्याचा दांडा उचलला आणि त्याच्या हातावर घातला. सुकं लाकूड मोडावं तसा आवाज मला ओवरीत ऐकू आला. पोरांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांतलं एक म्हणालं, "गुरुजी, तेना पाटात ढेकूळ घातल्यान."

म्हणजे चुलतभावाने आपली पाळी यायच्या आधी पाटात मातीची दोन ढेकळं टाकून पाणी आपल्या शेतात वळवलं होतं. गुन्हा एवढाच.

पुढे जे झालं ते मला त्याहून चक्रावून टाकणारं होतं. हात मोडल्यावर गुणातात्याने आपलं पागोटं सोडलं, बांबूच्या दोन कांबी लावून तो हात बांधला, चुलतभावाला खांद्यावर घेतलं आणि तसाच चालत बांद्याच्या हाडवैद्याकडे नेला. नंतरचे दोन महिने त्याच्या शेतातली सगळी कामं याने केली. फक्त त्याची बुडालेली पाळी काही त्याला परत दिली नाही. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाला, "हात मोडलो तो माज्या रागान, त्येची भरपाई मी करतंय. पाणी गावाचा. ता मी खंयसून देवू?"

मी स्वभावाने भित्रा माणूस. मारामारी दिसली की रस्ता बदलणारा. पण हा माणूस मला आवडला, आणि त्याचं मला बरीच वर्षं नवल वाटत राहिलं.

गुणातात्या गावाचा पाट सांभाळायचा. पाऊस ओसरला की सगळा गाव मिळून व्हाळावर, म्हणजे डोंगरातून येणाऱ्या ओढ्यावर, दगड, माती आणि पालापाचोळ्याचा बांध घाली. तिथे पाणी तुंबलं की पाटाने ते शेतोशेती फिरवायचं. कुणाच्या शेतात किती वेळ, ते ठरवायला तात्याकडे एक तांब्याची वाटी होती, तळाला सुईच्या टोकाएवढं भोक असलेली. तिला घटी म्हणत. पाण्याने भरलेल्या घंगाळात ती तरंगत सोडायची. भोकातून पाणी आत शिरून ती बुडाली की एक पाळी झाली. कुणाच्या दोन, कुणाच्या पाच, जमिनीप्रमाणे. दिवसभर तो घंगाळासमोर उकिडवा बसलेला असे आणि घटी बुडाली की तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटून उठे. कुणी सवलत मागायला आलं की त्याचं उत्तर ठरलेलं होतं, "माका सांगा नको, पाण्याक सांग."

बांध घालून झाला की पहिली ओंजळ त्याने प्यायची, अशी रीत होती. तो पाणी जिभेवर घोळवायचा, डोळे मिटायचा आणि मग मान हलवायचा. त्यानंतर पाट सुरू. जीभ चांगली राहावी म्हणून त्याने जन्मात विडी ओढली नव्हती, पान खाल्लं नव्हतं, आणि बांध उभा असेपर्यंत तिखटही बंद. देवळातल्या भटजींनी आणि मी एकदा त्याची गंमत करायची ठरवली. तीन विहिरींचं पाणी तीन पेल्यांत त्याच्यापुढे ठेवलं. पहिलं चाखून म्हणाला, देवळाची. दुसरं, वाण्याची. तिसऱ्या पेल्यात मी लबाडीने दोन विहिरींचं एकत्र केलं होतं. ते तोंडात घेऊन तो क्षणभर थांबला आणि सगळी चूळ माझ्या तोंडावर थुंकला. "मास्तरानू, माणसांची थट्टा करा," तो म्हणाला, "पाण्याची नको." भटजी आठवडाभर हसत होते. मी धोतर वाळत घालताना स्वतःशी हसलो.

त्याला जवळचं म्हणावं असं एकच माणूस होतं, धाकटी बहीण आनंदी. लग्नानंतर चार वर्षांत तिचा नवरा गेला. मूलबाळ नाही, सासरचं दुसरं कुणी नाही. पाटाच्या अगदी शेपटाला असलेला एक कुणगा, म्हणजे भाताचा लहानसा तुकडा, आणि एक बैलजोडी, एवढ्यावर तिचं पोट. पाण्याची पाळी तिच्यापर्यंत सगळ्यांत शेवटी यायची आणि उन्हाळा वाढला की पाट तिथे पोहोचेपर्यंत करंगळीएवढा व्हायचा. तात्या रोज संध्याकाळी तिच्याकडे पेज जेवायला जाई आणि रोज ती त्याला शिव्या घाली.

"दादा, तू माजो भाव न्हय. पाटावरचो धोंडो आसस."

"तुजी पाळी दीड घटीची. दीड घटी गावली मा?"

"गावली! तेतूर बेडूक पण भिजाचो नाय!"

तात्या खाली मान घालून पेज भुरकत असे. बहिणीचा कुणगा एखाद्या वर्षी करपायचा, पण तिला अर्धी घटी जास्त दिली असं मी कधी पाहिलं नाही. मला तेव्हा तो कठोर वाटे. आता वाटतं, त्याच्याइतकं बहिणीवर जीव टाकणारं माणूस गावात दुसरं नव्हतं, आणि ते दाखवायची एकही वाट त्याने स्वतःसाठी मोकळी ठेवली नव्हती.

गोवा मोकळा झाला त्याच्या पुढच्या वर्षी डोंगरावर खाण आली. लोखंडाची माती. मालक कोण, कुठला, ते आम्हांला शेवटपर्यंत कळलं नाही. कळत होता तो मुकादम. त्याने देवळासमोर उभं राहून गावाला सांगितलं, की तुमच्या डोंगरात सोनं आहे, फक्त रंग लाल आहे. गावातले तरुण टोपल्या घेऊन वर गेले. खणलेली माती व्हाळाच्या पाण्यात धुवायची आणि जड ते ठेवून हलकं सोडून द्यायचं, असं काम. सोडून दिलेलं ते खाली आमच्याकडे येई.

त्या वर्षी पाटाला लाल पाणी आलं. तात्याने पहिली ओंजळ तोंडात घेतली आणि थुंकून टाकली. दुसरी घेतली, तीही थुंकली. मग तो ओल्या मिशांनी तसाच शाळेत आला.

"मास्तरानू, नदीचो गाळ शेतीक बरो काय वाईट? तुमच्या बुकात काय लिवलाहा?"

मी भूगोलाचं पुस्तक उघडून वाचून दाखवलं. नद्या डोंगरावरून गाळ वाहून आणतात व त्यामुळे जमीन सुपीक होते. त्याने मला तेवढंच पुन्हा वाचायला लावलं. त्याच्या चेहऱ्यावर असं हसू मी आधी कधी पाहिलं नव्हतं. गावातली म्हातारी माणसंही म्हणत होती, नवी माती आहे, भात चढेल. गुणातात्याने स्वतःच्या जिभेला गप्प केलं आणि त्या वर्षी पाटाचा क्रम उलटा फिरवला. सुपीक गाळाचं पहिलं, भरगच्च पाणी त्याने शेपटाच्या कुणग्याला, आनंदीला दिलं. माझ्या देखत त्याने कुणावर मेहेरबानी केली ती ही पहिली. आठ दिवस तिच्या शेतात लाल पाणी तुडुंब उभं होतं आणि ती बांधावर उभी राहून ज्याला त्याला दाखवत होती.

मग पाणी जिरलं. वर राहिला तो तांबडा गिलावा, बोटभर जाडीचा. उन्हाने तो तापला, कोबा केल्यासारखा घट्ट झाला, आणि भाताच्या रोपांच्या माना त्यात आवळल्या गेल्या. पंधरा दिवसांत सगळा कुणगा पिवळा पडून मेला. खुरप्याने ती माती फुटत नव्हती.

आनंदी दुपारी बांधावर आली तेव्हा मी तिथेच होतो. तात्या घंगाळासमोर बसला होता. तिने वाकून पाण्यातली घटी उचलली आणि तिची कड त्याच्या कपाळावर हाणली. एकदा, मग पुन्हा. कातडी फाटून रक्त नाकावरून घंगाळात ठिबकायला लागलं. चारचौघं धावली, त्यांना त्याने हात वर करून थांबवलं.

"मार आणखी," तो म्हणाला.

"तुका मारून माजो भात उबो ऱ्हवतलो?" आनंदीचा आवाज चढलासुद्धा नाही. "ही घटी आता माज्याकडे ऱ्हवतली. तू पाणी मोजूचा नाय."

पदरात घटी बांधून ती निघून गेली. त्या दिवसापासून तो तिच्याकडे पेजेला गेला नाही. संध्याकाळी मी त्याच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. मला वाटत होतं, आता हा माझाही हात मोडणार, आणि खरं सांगायचं तर मोडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने कपाळावरची चिंधी घट्ट केली. म्हणाला, "तुमी बुक वाचलास. तुमचो काय दोष? माका जीभ होती."

दुसऱ्या दिवशी तो वर गेला. खाणीवरच्या धुण्याच्या खड्ड्यापाशी मुकादम उभा होता. तात्याने त्याची मान धरून तोंड लाल पाण्यात खुपसलं आणि "पी, पी मेल्या" म्हणत धरून ठेवलं. मजुरांनी काठ्यांनी झोडपून त्याला बाजूला केला तेव्हा त्याच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. त्याला घोंगडीत घालून खाली आणला. मी मग शुद्ध मराठीत अर्ज लिहिले. 'तरी मेहेरबान साहेबांनी गावच्या पाण्याची पाहणी करावी' असे. उत्तरंही तशाच शुद्ध मराठीत येत. शेवटी एक साहेब येऊन गेले आणि खाणवाल्यांनी तोडगा काढला. लाल पाणी खाली सोडायचं नाही, दोन टेकड्यांच्या मधे मातीची भिंत घालून वरच अडवायचं.

लाल पाणी थांबलं. पण त्याबरोबर पाटाचं पाणीही थांबलं, कारण व्हाळच आता भिंतीच्या आत जात होता. पुढच्या थंडीत आमच्या बांधापाशी बेडकांना पुरेल एवढं डबकं तुंबलं, आणि तात्याच्या पहिल्या ओंजळीची वेळच आली नाही. वायंगण कुणीच लावलं नाही. विहिरीही आटल्या. उरला होता बांधाच्या बगलेचा प्यायच्या पाण्याचा झरा, तेवढा.

तात्या रोज डोंगर चढून त्या भिंतीवर जाऊन बसायला लागला. तिथे काय पाहतो, असं मी विचारलं. म्हणाला, "पाणी. आरशासारखा आसा. आमचाच आसा." खरोखरच, साठलेला गाळ खाली बसून वर पाणी निवळलं होतं. त्याने त्यातलं ओंजळभर चाखलंही. चांगलं लागलं.

आता हे सांगायला हवं, की पावसाआधी, वैशाखाच्या शेवटी, व्हाळावरचा बांध फोडायची आमच्याकडे रीत होती. नाहीतर पहिल्या पुरात तो कसाही फुटून शेतं घेऊन जातो. तात्या नारळ ठेवून गाऱ्हाणं घाली, पहारीचा पहिला घाव तो मारी, आणि तुंबलेलं पाणी व्हाळाच्या वळणाने खाली तेरेखोल नदीला निघून जाई. आयुष्यात तीस-पस्तीस बांध त्याने असे फोडले असतील. पाणी कसं जातं, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

त्या वैशाखात तो पहार आणि नारळ घेऊन खाणीच्या भिंतीवर गेला. सकाळची नऊची वेळ. पुढे सावंतवाडीच्या कोर्टात मुकादमाने जबानी दिली ती मी ऐकली आहे. तो म्हणाला, आम्हांला वाटलं हा पूजा घालतोय. मजूर सगळे आसपासच्या गावांतले, ते कामं टाकून गोळा झाले. तात्याने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या गावाचा पाणी हय अडकून पडलाहा, ता आज मोकळा करतंय, म्हाराजा. पोराबाळांक सांभाळ, गुरावासरांक सांभाळ." मजुरांनी सवयीने साथ दिली, "व्हय म्हाराजा." मुकादमाने खोबऱ्याचा तुकडा घेऊन कपाळाला लावला आणि खाल्ला. मग तात्या भिंतीच्या उतरणीला गेला आणि पहार घातली. पाचव्या की सहाव्या घावाला भिंत फुगली. मुकादम ओरडेपर्यंत ती सुटली होती.

मी ओवरीत होतो, सुट्टीतही पोरं तिथे जमत. आधी जमीन थरथरली, मग डोंगरातून एक आवाज आला. पोरांना देवळाच्या माडीवर चढवलं आणि वळून पाहिलं. व्हाळातून जे येत होतं ते पाणी नव्हतं. वरचा आरसा फुटून गेला होता आणि खाली वर्षभर बसलेला लाल रेंदा, माणसाच्या उंचीचा, झाडं मोडत, दगड दळत येत होता. पाणी असतं तर वळणाने गेलं असतं. हा वळणावर अडला, चढला, आणि सरळ शेतांत घुसला. शेतं, पाट, बांध आणि झरा, सगळं त्याने घशात घातलं. आनंदीचे बैल कुणग्यात बांधलेले होते. त्यांचं हंबरणं मी ऐकलं आणि ते बंद पडलेलंही ऐकलं.

आनंदी झऱ्यावर कळशी भरत होती.

गुणातात्या डोंगरावरून धावत आला. तो कुठून कसा उतरला देव जाणे, अंगभर काटे रुतले होते. कमरेइतक्या रेंद्यात शिरून तो हातांनी चिखल उपसत होता आणि गुरासारखा ओरडत होता. आम्ही फळ्या टाकून मागे गेलो. एका मोडलेल्या ओंडक्याखाली ती सापडली, नाकातोंडात लाल चिखल, पण श्वास होता. डावा पाय मांडीपासून चिरडला होता. ओंडका उचलताना ती अशी किंचाळली की आमच्यातला एकजण तिथेच ओकला. तात्याने तिच्या तोंडातला चिखल बोटाने काढला. तिने डोळे उघडून त्याला पाहिलं, आणि त्याचं तेच बोट रक्त येईपर्यंत चावलं.

त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. कोर्टात तो एकच वाक्य बोलला, "माका वाटला, पाणी आसा." न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं की नाही, कुणास ठाऊक.

सुटून आला तेव्हा मी ओळखलंच नाही. केस गेले होते, आणि गालात तंबाखूची गोळी. ज्या माणसाने जिभेसाठी जन्मभर मिरची टाळली, तो आता दिवसभर तंबाखू चघळत होता. कुणाशी भांडत नव्हता. एकदा एका पोराने त्याला दगड मारला, तर तो थांबला आणि दुसऱ्या दगडाची वाट पाहिल्यासारखा उभा राहिला. मला ते पाहवलं नाही.

झरा गेला आणि विहिरींत रेंदा भरला, त्यामुळे गावाला पाण्यासाठी डोंगरापलीकडे जावं लागे. येऊन-जाऊन दोन तास. आनंदी काठीवर जेमतेम अंगणापर्यंत यायची. शेजारच्या बायका तिला आपल्यातलं घागरभर देत, कधी नाहीही देत. आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून गुणातात्या पहाटे उठून पलीकडून कळशी भरून आणायचा आणि तिच्या पायरीवर ठेवायचा. आनंदी बाहेर यायची, काठीचं टोक कळशीच्या गळ्यात घालायची आणि ती उलथून टाकायची. पाणी अंगणातून वाहून जायचं. तात्या रिकामी कळशी उचलून घरी जायचा. हे रोज. पावसाळ्यातसुद्धा. वर्षभर तरी मी हे पाहिलं. बायका म्हणायच्या, काय माणसं ही, एवढं पाणी जमिनीत घालतात. कुणी मधे पडलं नाही, मीसुद्धा नाही.

माझी बदली कणकवलीकडे झाली. निघायच्या सकाळी मी सामान बैलगाडीत चढवून आनंदीचा निरोप घ्यायला गेलो. तात्या तेवढ्यात कळशी ठेवत होता. आनंदी उंबरठ्यावर आली. तिने काठी उचलली, कळशीकडे नेली आणि थांबली. मग वळून आत गेली. तात्या खाली बघत उभा होता. त्याला वाटलं असेल, आज उलथायचाही कंटाळा आला.

ती परत आली तेव्हा तिच्या हातात घटी होती. कड एका जागी वाकलेली, त्याच्या कपाळावर आपटून वाकली होती तशीच. काठी भिंतीला टेकवून ती पायरीवर बसली, तळाच्या भोकावर बोट दाबून धरलं, घटी कळशीत बुडवली आणि प्यायली. बोट थोडं सरकलं आणि पाण्याची बारीक धार तिच्या मनगटावरून खाली आली. तिने पुन्हा भरून घेतलं.

"खंयचा ह्या?" तिने विचारलं.

"पलीकडच्या जांभळीकडला."

"गोड आसा." मग तिने घटी त्याच्यापुढे धरली. "तू चाखलंस?"

तात्याने मान हलवली, नाही म्हणून.

"मगे चाख. पयली ओंजळ तुजी मा?"

तो अंगणाच्या कडेला गेला आणि गालातली तंबाखू थुंकून आला. कळशीतलं पाणी ओंजळीत घेऊन चूळ भरली, पुन्हा भरली, कितीतरी वेळ भरत राहिला. मग बहिणीच्या पायाशी खालच्या पायरीवर बसला, तिच्या हातून घटी घेतली, आणि तिचं बोट होतं त्याच जागी आपलं बोट ठेवलं.